निसच्या किनाऱ्यावर वसंतातले सात दिवस: आधी पायऱ्या मोजा

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तो असा: एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि आई-बाबा (वय ६८ आणि ७२) असे पाच जण दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर सात दिवस जाताय. आईंचा गुडघा दुखतो, बाबा शुद्ध शाकाहारी आहेत. एजंटने दिलेल्या आराखड्यात निस, कान, सां-त्रोपे, मोनॅको, इटलीतलं चिंक्वे तेर्रे आणि मार्सेलिस आहे, आणि त्यासाठी चार हॉटेलं बदलायची आहेत. गाडी भाड्याने घ्यावी का, समुद्रात डुंबता येईल का आणि यातलं गाळायचं काय, हे तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्याहून छोटे गट घेऊन या किनाऱ्यावर जाते. बहुतेक वेळा मार्च ते मे याच काळात, आणि गटात साठीच्या पुढची मंडळीच जास्त असतात. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण ठिकाणं निवडण्याची नाहीच. हा किनारा नकाशावर फसवा दिसतो. निसहून मोनॅको वीसेक किलोमीटर, इटलीच्या सरहद्दीजवळचं मॉन्तों तीसेक. मॉन्तोंला आगगाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. ते बघून कुणालाही वाटतं, दिवसाला तीन गावं सहज उरकतील. पण इथे आल्प्सचे डोंगर थेट समुद्रात उतरतात. सपाट जमीन म्हणजे पाण्यालगतची एक चिंचोळी पट्टी, बाकी सगळं गाव उभ्या चढावर. जुन्या वस्त्या तर समुद्रातून येणाऱ्या हल्ल्यांच्या भीतीने मुद्दाम उंचावर वसवलेल्या. त्यामुळे माणूस प्रवासाने दमत नाही, पायऱ्यांनी दमतो. माझ्या वहीत प्रत्येक ठिकाणापुढे लिहिलेलं असतं ते हे: स्टेशनपासून चढ किती, लिफ्ट आहे का, बसायला बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे. तुम्हीही तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे एवढं लिहून बघा. निम्मी यादी आपोआप गळेल.

दोन नावं तर आजच खोडा. चिंक्वे तेर्रेला निसहून जायचं म्हणजे व्हेंतिमिलिया आणि जेनोव्हाला गाड्या बदलत एका बाजूचेच चार तास सहज जातात, आणि तिथली गावंही पायऱ्यांचीच. सां-त्रोपेला रेल्वे नाही. रस्ता लांबचा आणि कोंडीचा, आणि तिथे जे बघायचं ते तुम्हाला निस आणि कानच्या मधल्या आँतिब गावात जास्त निवांत मिळेल.

आता हंगामाबद्दल. एप्रिलअखेर दुपारचं तापमान साधारण १७-१८ अंश असतं, रात्री १०-११ पर्यंत उतरतं. ऊन छान असतं, पण सावलीत गेलं की स्वेटर लागतो. आठवड्यात एखाद-दोन दिवस पाऊस धरूनच चाला. समुद्राचं पाणी १५ अंशांच्या आसपास, म्हणजे पाय बुडवला की थंडीने कळ येते. तेव्हा डुंबणं डोक्यातून काढा. निसचा किनारा वाळूचा नसून गुळगुळीत राखाडी गोट्यांचा आहे. लाट परत फिरली की हजारो गोटे एकमेकांवर घासत खाली सरकतात आणि मोठा खळखळाट होतो. लहान मुलं तो आवाज ऐकत तिथेच बसून राहतात, लेकीला खुशाल बसू द्या. पाण्यात मात्र उतरू देऊ नका. इथे काठापासून दोन पावलांवर एकदम खोल होतं आणि वारा असला की परतणारी लाट पाय ओढते. तिला वाळूत खेळायचंच असेल तर आँतिबच्या तटबंदीला लागून ग्राव्हेत नावाची छोटी पुळण आहे. तिथे वाळू आहे आणि आडोसाही.

मग समुद्रात जायचं नसेल तर या दिवसांत जायचं कशाला, असं तुमचे मिस्टर विचारतात म्हणून लिहिलंय. त्याचं उत्तर या किनाऱ्याच्या इतिहासात आहे. हा किनारा मुळात उन्हाळ्यातल्या सुट्टीसाठी घडलेलाच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आणि रशियन श्रीमंत मंडळी थंडी चुकवायला इथे यायची आणि उकाडा सुरू व्हायच्या आत परत जायची. निसचा समुद्रालगतचा मोठा फिरण्याचा रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, १८२० च्या दशकात तिथे राहणाऱ्या इंग्रजांच्या पैशांतून सुरू झाला. व्हिक्टोरिया राणी १८९० च्या दशकात इथल्या सिमिए टेकडीवर येऊन राहायची ती वसंतातच. शहरातलं मोठं रशियन कॅथेड्रल १९१२ चं. २०२१ साली युनेस्कोने निसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही हिवाळी विश्रामाचं शहर म्हणूनच. आता या लोकांनी बागा लावल्या त्या कधी फुलाव्यात म्हणून? मालक घरी असताना, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटापासून मेपर्यंत. जुलैत गर्दीत जाणाऱ्याला या बागा सुकत चाललेल्या दिसतात. तुम्ही जाताय तेव्हा विस्टेरियाचे जांभळे घोस भिंतींवरून लोंबत असतात, कडू संत्र्यांना मोहोर असतो आणि मॉन्तोंच्या काही गल्ल्यांत त्याचा वास शिरताक्षणीच येतो. पाऊस पडून गेल्यावर आकाश धुतलं जातं तेव्हा मागे वळून बघा, आल्प्समधल्या मेर्काँतूरच्या शिखरांवर अजून बर्फ असतो. समोर निळा समुद्र आणि पाठीशी बर्फ, हे या दिवसांत एकत्र मिळतं. म्हणून माझं ठाम मत आहे की इथे पाण्यासाठी नव्हे, बागांसाठी आणि चालण्यासाठी यावं.

मुक्काम एकच ठेवा, निसमध्ये. रेल्वे स्टेशन आणि मासेना चौक यांच्या मधल्या भागात, ट्रामच्या जवळ. विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते. पाच जणांना स्वयंपाकघर असलेली जागा हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा सोयीची पडेल. बुक करताना एक गोष्ट लेखी विचारून घ्या: लिफ्ट आहे का आणि ती दारापर्यंत जाते का. जुन्या निसमधल्या देखण्या इमारतींत बऱ्याचदा लिफ्टच नसते. असली तरी तिच्यात दोन माणसं आणि एक बॅग एवढंच मावतं, आणि तिच्यापर्यंत पोचायलाच सात-आठ पायऱ्या असतात. फोटोत समुद्र दिसतो, जिना दिसत नाही.

गाडी घेऊ नका. पाच माणसं आणि सामान म्हणजे मोठी गाडी. डोंगरकड्यातून जाणारे कॉर्निशचे रस्ते वळणावळणाचे, गावात पार्किंग महाग आणि भरलेलं, आणि गाडी चालवणाऱ्याला समुद्र दिसतच नाही. आगगाडी किनाऱ्यालगत धावते. मॉन्तोंकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात मोनॅकोला कामाला जाणाऱ्यांची खच्चून गर्दी असते. आई-बाबांना बसायला मिळायचं असेल तर साडेनऊनंतर निघा. गर्दीत पाकीटमारी होते, पर्स पुढे धरा. संपाची शक्यता फ्रान्समध्ये नेहमीच असते, म्हणून आदल्या संध्याकाळी रेल्वेचं ॲप बघण्याची सवय ठेवा.

गुडघ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बहुतेक लोक चढ टाळतात आणि "उतरताना काय, सावकाश उतरू" म्हणतात. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो, त्यातून दगडी पायऱ्यांचा उतार तर फारच. निसच्या किल्ल्याच्या टेकडीवर जायला समुद्राच्या बाजूने फुकट लिफ्ट आहे, तर ती येतानाही घ्या. ती बंद असली तर प्रोमनादवरून सुटणारी छोटी पर्यटक गाडी वर नेते आणि खाली आणते. वर किल्ला शिल्लक नाही, चौदाव्या लुईने १७०६ साली तो पाडून टाकला. पण टेकडी ९२ मीटर उंच आहे आणि एका बाजूला संपूर्ण उपसागर, दुसऱ्या बाजूला बंदर असं दोन्हीकडचं दिसतं. दुपारी बाराला पाच कमी असताना वर असा. बाराच्या ठोक्याला दणदणीत बार उडतो, ही शहराची एकोणिसाव्या शतकापासूनची रीत आहे. मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर दचकेल.

माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्यांसाठी सर्वांत चांगला दिवस म्हणजे बोल्यू गाव आणि त्याला लागून समुद्रात घुसलेलं काप-फेरा हे भूशिर, यांचा. निसहून आगगाडीने पंधरा मिनिटांत बोल्यू. तिथून सां-जां-काप-फेराच्या बंदरापर्यंत पाण्याला लागून एक पायवाट जाते, प्रोमनाद मोरिस रुव्हिए. जवळजवळ पूर्ण सपाट, फरसबंद, गाड्या नाहीत, मधे मधे बाक. एका बाजूला लाटा हाताच्या अंतरावर, दुसऱ्या बाजूला बागांच्या भिंती आणि त्यांवरून वाकलेली झाडं. आई दमल्या तर बसतील, मुलगी पुढे पळेल, कुणी कुणासाठी थांबलंय असं वाटणार नाही. वाटेला लागण्याआधी बोल्यूतच केरिलोस हा बंगला बघता येईल. १९०२ ते १९०८ या काळात थिओदोर रेनाक या ग्रीक संस्कृतीच्या अभ्यासकाने प्राचीन ग्रीक घराच्या धर्तीवर तो बांधून घेतला. मग काप-फेराच्या माथ्यावर एफ्रुसी द रोथशिल्डचा गुलाबी बंगला आणि त्याच्या नऊ बागा. भूशिराच्या कण्यावर असल्याने बागेतून दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो, आणि मधल्या तळ्यातली कारंजी ठरावीक वेळाने संगीतावर नाचतात. मात्र बंगल्यापर्यंत चालत चढू नका आणि चालत उतरूही नका. बस किंवा टॅक्सीने जा, आणि चालणं त्या सपाट वाटेसाठी राखून ठेवा. एका दिवसात दोन्ही बंगले करायचा आग्रह धरू नका. आईंचा पाय कसा आहे ते सकाळी बघून एक निवडा.

दुसरा दिवस मॉन्तोंचा. उत्तरेचे वारे मागचे डोंगर अडवतात म्हणून इथे लिंबं पिकतात. मॉन्तोंच्या लिंबाला २०१५ पासून भौगोलिक मानांकनही आहे. लिंबांचा प्रसिद्ध उत्सव फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, तो तुम्हाला मिळणार नाही. पण झाडांवर लिंबं असतील, आणि बाजारात पानांसकट मिळतील. स्टेशनवरून समुद्राकडे जाणारा बिओव्हेचा बगीचा आणि पुढचा किनाऱ्याचा रस्ता, दोन्ही सपाट. पिवळ्या-केशरी घरांच्या जुन्या गावातून सां मिशेल चर्चपर्यंत मात्र रुंद पायऱ्यांचे टप्पे आहेत. तुम्ही दोघं आणि मुलगी वर जा, आई-बाबा बाजाराजवळ कॉफी घेत बसतील. ते गाव खालून, किनाऱ्यावरूनच जास्त सुंदर दिसतं, तेव्हा त्यांचं काही राहून जाणार नाही. पुढे गाराव्हाँ भागात व्हाल राहमे ही वनस्पतीबाग आहे. इथून इटलीची सरहद्द हाकेच्या अंतरावर आहे. शुक्रवारी व्हेंतिमिलियाला मोठा बाजार भरतो, बरेच जण उत्साहाने जातात. मला तिथली गर्दी आई-बाबांसाठी नको वाटते. गेलातच तर पासपोर्ट जवळ ठेवा. शेंगेन करारामुळे सरहद्द खुली असली तरी परतीच्या गाडीत फ्रेंच पोलीस तपासणी करतात.

आँतिब सोमवारी ठेवू नका. त्या दिवशी पिकासो संग्रहालय बंद असतं, आणि उन्हाळा सोडून इतर महिन्यांत तिथला छपराखालचा बाजारही. संग्रहालय ज्या ग्रिमाल्दी गढीत आहे, तिथेच १९४६ साली पिकासोने काही महिने काम केलं होतं, आणि तिथलं काम तिथेच लावलेलं आहे. खिडकीतून जो समुद्र दिसतो तोच भिंतीवर सापडतो. तटबंदीवरची वाट सपाट आहे. निसमधली मातिस आणि शागाल या चित्रकारांची संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. शागाल स्टेशनपासून फार लांब नाही, ते पावसाच्या दिवसासाठी ठेवा. जुन्या निसमधल्या कूर सालेया चौकातला फुलबाजार सोमवारी नसतो, त्याऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. बाबांना तो कदाचित फुलांपेक्षा जास्त आवडेल.

कानला थांबण्यासारखं माझ्या मते थोडंच आहे, पण तिथून बोटीने पंधरा मिनिटांत सेंत-मार्गरित बेट लागतं. पाइन आणि निलगिरीची सावली, सोप्या वाटा, आणि 'लोखंडी मुखवट्यातला कैदी' म्हणून जो इतिहासात गाजला त्याची १६८७ ते १६९८ या काळातली कोठडी तिथल्या किल्ल्यात आहे. नऊ वर्षांच्या मुलीला तो चेहरा झाकलेला माणूस कोण होता याची उत्सुकता दिवसभर पुरते. डबा बांधून न्या.

मोनॅको अर्धा दिवस पुरे. चढ भरपूर, पण तिथे सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने जागोजागी आहेत, फुकट. राजवाड्यासमोरचा पहारेबदल ११ वाजून ५५ मिनिटांनी. १९१० सालचं सागरी संग्रहालय मुलीला दाखवाच. मोटारींची शर्यत पूर्वी मेअखेर व्हायची, २०२६ पासून जूनच्या सुरुवातीला आली आहे, पण तिच्या गॅलऱ्या आणि कठडे कित्येक आठवडे आधी उभे राहायला लागतात. बंदराच्या फोटोत ते येतील, याची तयारी ठेवा.

एझबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी नक्की सुचवेल. समुद्रावरून सव्वाचारशे मीटर उंचीवरचं गाव, फोटो अप्रतिम. बस वेशीपर्यंत जाते आणि तिथून पुढे सगळं दगडी पायऱ्यांचं. खालच्या स्टेशनपासून नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावाची जी पायवाट आहे तिच्याकडे तर आई-बाबांना घेऊन फिरकूही नका. "वर बसने, खाली चालत" असा सल्ला मिळेल, आणि गुडघ्यासाठी तोच सर्वांत वाईट.

बाबांच्या जेवणाचं. या भागात सोक्का मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, एवढंच. तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपून कुरकुरीत होतात, मधे मऊ राहतो, वर मिरपूड. जाडसर बेसनाचं धिरडंच म्हणा. गरमच खायचा, गार झाला की चामट होतो. पानिस हाही चण्याच्याच पिठाचा, तळलेला. दोडक्याच्या कुळातल्या कुर्जेतच्या फुलांची भजी वसंतात छान मिळतात, पण पिठात अंडं आहे का विचारून घ्या. सावध राहायचं ते तीन ठिकाणी. पिसालादिएर हा कांद्याचा पाव शाकाहारी दिसतो, पण त्यात अँचोव्ही मासे असतात. पान-बान्या या भरलेल्या पावात ट्यूना मासा असतो. आणि निसच्या पद्धतीच्या राव्हिओलीत पालेभाजीबरोबर गोमांस असतं, हे न सांगता कळत नाही. "शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही, कारण मासे त्यात चालतात असं काहींना वाटतं. "नी व्यांद, नी प्वासाँ, नी आँश्वा" असं म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको, अँचोव्ही नको. जेवणाची वेळ १२ ते २, मग स्वयंपाकघर सातपर्यंत बंद. दोनच्या पुढे उपाशी फिरायची वेळ येऊ देऊ नका. घरी खिचडी टाकता आली की बाबा आणि मुलगी दोघंही खूश राहतात.

तुमचे दिवस मेच्या पहिल्या तारखेत शिरत असतील तर ते वेगळं मांडावं लागेल. १ मे म्हणजे तिथे कामगार दिन, कडकडीत बंद. संग्रहालयं बंद, बहुतेक दुकानं बंद, बस-ट्राम एकतर बंद किंवा अगदी तुरळक. रस्त्यावर पांढऱ्या म्युगे फुलांच्या जुड्या विकायला बसतात, एकमेकांना द्यायची रीत आहे. तो दिवस प्रोमनादच्या निळ्या खुर्च्यांवर घालवा आणि आदल्या दिवशी किराणा भरून ठेवा. सूर्य सव्वाआठनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते.

राहिलं मार्सेलिस. बाबांना तिथे का जायचं आहे हे कळतं. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी घेतली ते हे बंदर, आणि आमच्या गटातली वडीलधारी मंडळी तिथे पोचल्यावर बराच वेळ पाण्याकडे बघत राहतात. पण निसहून आगगाडीने एका बाजूचे अडीच-पावणेतीन तास. जाऊन-येऊन एका दिवसात करायला मी सांगणार नाही. त्यापेक्षा विमानाची तिकिटं जाताना निसची आणि परतीची मार्सेलिसची घ्या, आणि शेवटची रात्र तिथे काढा. मग जुनं बंदर, टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द (बस वरपर्यंत जाते), आणि बाबांना रस असेल तर माझार्गच्या युद्धस्मशानातलं पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक, एवढं शांतपणे होईल. १९१४ साली आपले सैनिक याच बंदरात उतरले होते. हॉटेल एकदाच बदलेल, चारदा नाही.

व्हिसा फ्रान्सचाच काढायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत म्हणून लवकर करा. विमा किमान ३०,००० यूरोंचा लागतो. बाबांच्या वयाला आणि आधीच्या आजारांना तो लागू आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचा.

आता मला दोन गोष्टी कळवा: आई एका दमात, कठड्याला धरून किती पायऱ्या चढतात-उतरतात, आणि तुमच्या सात तारखा कोणत्या वारी पडतात. वार कळले की सोमवार-मंगळवार आणि १ मे सांभाळून दिवसांचा क्रम लावून देते.